सारं देवाच्या हाती... मग माणसाच्या हाती काय?

कपाळी लिहिलेलं पुसता येतं का, हा प्रश्न घेऊन मराठी कुटुंबं नवग्रहांच्या यात्रेसाठी कुंभकोणमला जातात. याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी एक जर्मन पाद्री आणि एक मराठी राजपुत्र या प्रश्नाला सामोरे गेले होते. पाद्र्याचा देवाच्या योजनेवर पूर्ण भरवसा होता. पण दुष्काळाच्या तोंडावर भाताची कोठारं भरून ठेवली, तीही त्यानेच!

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मराठी घरात ज्या तोंडून ऐकू येते, त्याच तोंडून ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हेही ऐकायला मिळतं. मुलगा परीक्षेला निघाला की दुसरी म्हण, निकाल मनासारखा लागला नाही की पहिली. दोन्हींनी भागलं नाही तर ‘दैव देतं अन् कर्म नेतं’ आहेच! घडतं ते देवाच्या मर्जीने की माणसाच्या करणीने, याचा निकाल आपण रोज लावतो आणि रोज फिरवतो.

तामिळनाडूतल्या कुंभकोणमला हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची रीघ असते. गावाच्या आसपासच्या टापूत नऊ ग्रहांची नऊ देवस्थानं आहेत. सूर्याचं सूर्यनारकोविल, चंद्राचं तिंगळूर, गुरूचं आलंगुडी, राहूचं तिरुनागेश्वरम, शनीचं तिरुनळ्ळार. मंगळाच्या वैद्यीश्वरनकोविलला तर ताडपत्रावरची नाडी वाचून घेण्यासाठी लोक लांबून येतात. आपलं आयुष्य आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय, ही कल्पना धडकी भरवते आणि कुठेतरी दिलासाही देते.

कुंभकोणमच्या दक्षिणेला अगदी लगत साक्कोट्टै हे छोटं गाव आहे. प्रलयाच्या पाण्यात सृष्टीचं बीज असलेला कलश तरंगत आला, तो इथे टेकला, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. म्हणून गावाचं जुनं नाव तिरुक्कलयनल्लूर आणि इथला महादेव अमृतकलशाचा स्वामी. या देवाची पदं गाणारे शैव संत सुंदरर यांची कथा तमिळ घराघरांत ठाऊक आहे. सुंदरर बोहल्यावर उभे असताना एक म्हातारा मांडवात शिरला. ‘तुझ्या आजोबांनी वंशासकट माझी गुलामी पत्करली आहे,’ असं म्हणत त्याने ताडपत्रावरचा करारच पुढे केला! म्हातारा म्हणजे साक्षात शिव. लग्न मोडलं आणि सुंदरर देवाचे झाले. माणसाने देवाला निवडायच्या आधी देवानेच त्याला निवडलं होतं, असा या कथेचा अर्थ.

देवाने निवडलं, तर मग माणसाने काय केलं? नेमका हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडितांना जवळजवळ सोळाशे वर्षं छळतो आहे.

जाणणं वेगळं, घडवणं वेगळं

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव सर्वज्ञ आहे आणि सर्वसमर्थही. चिमणीसुद्धा त्याच्या नजरेबाहेर नाही. जगाचा सांभाळ करणारी ही जी देवाची योजना, तिला ‘ईश्वरी तरतूद’ म्हणता येईल. पण हाच देव शेवटी न्यायनिवाडा करतो, पापाचा जाब विचारतो. इथेच गाठ बसते. उद्या मी खोटं बोलणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर उद्या खरं बोलणं माझ्या हाती उरलं का? आणि नसेल उरलं, तर शिक्षा कशाची?

पाचव्या शतकात ब्रिटनमधून आलेल्या पेलागियस नावाच्या साधूने ठणकावून सांगितलं, माणसाने मनावर घेतलं तर तो चांगला वागू शकतो. उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी त्याला कडाडून विरोध केला. ते स्वतः तरुणपणी भरकटून परतलेले. व्यसनात रुतलेल्याला ‘मनावर घे’ म्हणणं सोपं असतं, पण त्याचं मनच आजारी असतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. देवाची कृपा आधी येते, तीच माणसाची इच्छा बरी करते, असं त्यांनी मांडलं. माणसाला इच्छाच नाही, असं मात्र तेही म्हणाले नाहीत.

सर्वज्ञतेचं कोडं सोडवायचा एक सुंदर प्रयत्न तुरुंगात झाला. बोएथियस हा रोमन विद्वान ५२४ च्या सुमारास देहदंडाची वाट पाहत असताना त्याने लिहिलं, की देव काळाच्या आत नाहीच. आपण ज्याला काल, आज आणि उद्या म्हणतो, ते त्याच्यासमोर एकदमच असतं. मराठी माणसाला हे समजायला दिवेघाट आठवला तरी पुरे. वारीत चालणाऱ्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. माथ्यावर उभ्या असलेल्याला सारी वारी एका नजरेत दिसते, पहिली दिंडी आणि शेवटची दिंडीही. पण वरून पाहणाऱ्याच्या नजरेमुळे खालचा वारकरी चालत नाही. तो स्वतःच्या पायांनी चालतो. जाणणं वेगळं, घडवणं वेगळं!

या मुद्द्याचं एक उदाहरण आपल्या मराठी साहित्याच्या घरातच आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि सांगितलं, की हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भविष्य खरं ठरलं! पण म्हणून टिळकांनी ते केवळ भविष्याखातर केलं का? मधला काळ त्यांनी वाचण्यात, वाद घालण्यात आणि तळमळण्यात घालवला होता. आणि लक्ष्मीबाईंचं काय? त्यांच्याबद्दल कुणीच भविष्य वर्तवलं नव्हतं. नवऱ्याचा निर्णय त्यांनी आपोआप आपला मानला नाही. त्या वेगळ्या राहिल्या, सोसलं, पाहिलं आणि पाचेक वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी चालत त्याच दारात आल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको, की ती बाई कुणाच्या हातातली कठपुतळी नव्हती.

माकडीण की मांजरी?

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मस यांनी माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू घेतली, तर १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी तिखट उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, तारण मिळवण्याच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली आहे, तिथे फक्त देवाची कृपा चालते. मात्र घर, शेत, पैसाअडका या खालच्या गोष्टींत माणसाला मोकळीक आहे. हा बारकावा लक्षात ठेवायला हवा, पुढे तो कामाला येणार आहे.

कॅथलिक पंथातही दोन तट पडले. जेजुइट धर्मगुरू लुईस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये लिस्बनला ग्रंथ छापला. कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस आपण होऊन काय करील, हे देव आधीच जाणतो आणि त्याप्रमाणे आपली योजना आखतो, असा त्यांचा तोडगा. डोमिनिकन पंथीयांना वाटलं, याने देवाचा अधिकार कमी होतो. रोममध्ये वर्षानुवर्षं बैठका झडल्या. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी वाद थांबवला. निकाल काय? कुणीच कुणाला पाखंडी म्हणायचं नाही! यानंतर नऊच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. तेही जेजुइटच. आदामाने मनाई असलेलं फळ खाल्लं ही कथा त्यांनी मराठी ओव्यांत सांगितली. त्या कथेचा सारा भार एकाच गोष्टीवर आहे. आदामाला ‘नाही’ म्हणता आलं असतं.

युरोपात हे चाललं होतं, त्याच्या कितीतरी आधीपासून तमिळ देशातले वैष्णव याच वादात गुंतले होते. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या. वेदान्त देशिकांना मानणाऱ्या वडकलै शाखेचा दृष्टान्त माकडिणीच्या पिल्लाचा. आई उडी मारते खरी, पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरावं लागतं. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या तेंकलै शाखेचा दृष्टान्त मांजरीच्या पिल्लाचा. आईच मानगूट धरून नेते, पिल्लाने नुसतं अंग सैल सोडायचं. देव तारतो यावर दोघांचं एकमत, भांडण फक्त पिल्लाच्या पंजांपुरतं! रुडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताने भारतातल्या भक्तिमार्गाची ख्रिस्ती धर्माशी तुलना करताना या दोन दृष्टान्तांची आवर्जून दखल घेतली. ऑगस्टीन मांजरीकडे झुकतात, पेलागियस तर माकडिणीच्याही पलीकडचा. त्याचं पिल्लू स्वतःच उडी मारायला निघालेलं!

आईचा नवस, मुलाचा होकार

ग्रंथांतला हा वाद कुंभकोणमच्या शेतशिवारात जगून दाखवला, तो क्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या पाद्र्याने. जन्म १७२६, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात. आई लहानपणीच गेली. मरताना तिने नवऱ्याला आणि धर्मगुरूला सांगितलं, की हा मुलगा मी देवाला वाहिला आहे, त्याला पुढे तशी ओढ वाटली तर आडकाठी करू नका. नवस आईचा, पण ओढ मुलाला वाटायला हवी!

शिक्षण हाल्ले गावी झालं. तिथलं फ्रांके यांचं अनाथालय १६९५ मध्ये जेमतेम काही नाण्यांच्या देणगीवर सुरू झालेलं. देव पुरवील या भरवशावर उभं राहिलेलं, पण शाळा, छापखाना आणि औषधालय चोख चालवणारं. तमिळ बायबलच्या नव्या छपाईला मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ तिथे तमिळ शिकले. छपाई बारगळली, पण शिकलेली भाषा त्यांना १७५० मध्ये तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर घेऊन आली. याला योगायोग म्हणायचं की योजना? श्वार्ट्झ यांनी अर्थातच योजना म्हटलं. ते परत मायदेशी गेले नाहीत. लग्न केलं नाही. ४८ वर्षं तमिळ देशात काढली. आधी तिरुचिरापल्ली आणि पुढे तंजावर. तंजावरच्या गादीवर तेव्हा शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचा वंश होता. दरबारात मराठी चाले, म्हणून श्वार्ट्झ मराठीही शिकले.

भाताची कोठारं

१७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रज गव्हर्नराने श्वार्ट्झ यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला पाठवलं. काम शांततेच्या बोलणीचं. आपल्यामुळे युद्ध टळेल, देवाने त्यासाठीच आपल्याला निवडलं असेल, या आशेने ते गेले. हैदरने मान दिला, बोलणं ऐकून घेतलं. पण एक वर्षही नीट गेलं नाही. १७८० च्या पावसाळ्यात हैदरची फौज कर्नाटकात उतरली.

प्रार्थना करून निघालेला माणूस हात हलवत परतला. इथे दोन वाटा होत्या. एक, देवाच्या मनात नव्हतं म्हणून हात जोडून बसायचं. दुसरी, देव नाहीच म्हणून संतापायचं. श्वार्ट्झ यांनी तिसरीच वाट धरली. त्यांनी भात विकत घेतलं. भाव उतरलेले होते तेव्हाच त्यांनी मोठा साठा करून ठेवला. फौजांनी कावेरीकाठची शेतं तुडवली, कालवे फोडले आणि तंजावरच्या रस्त्यांवर उपाशी माणसं पडू लागली, तेव्हा याच साठ्यातून रोज शेकडो जणांना अन्न मिळालं. त्यात ख्रिस्ती किती आणि हिंदू किती, हे पाहिलं गेलं नाही.

पुढे किल्ल्यातलं धान्य संपत आलं. खेड्यांत धान्य होतं, पण गाडी-बैल घेऊन यायला कुणी तयार नव्हतं. सरकारी लोकांनी आधी त्यांचे बैल नेले होते आणि दाम बुडवले होते. श्वार्ट्झ यांनी शब्द दिला, पैसे मी देईन. बैल आले, धान्य आलं आणि प्रत्येकाचे पैसे चुकते झाले. जुलमाला कंटाळून मुलूख सोडून गेलेले शेतकरीही राजाच्या बोलावण्याने परतले नाहीत, या पाद्र्याच्या हमीवर परतले. सुमारे सात हजार माणसं परत आली आणि पडीक रानात पुन्हा नांगर चालला.

श्वार्ट्झ ल्यूथरपंथी होते. तारण पूर्णपणे देवाच्या हाती, यावर त्यांची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती. पण भात, बैल आणि दिलेला शब्द या माणसाच्या हातातल्या गोष्टी. तिथे देवाच्या नावावर ढकलायला त्यांनी काही ठेवलं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी मांडलेला विचार इथे जमिनीवर उतरलेला दिसतो. देव जगात बहुतेक काम माणसांकरवीच करतो. पीक निम्मं देवाचं आणि निम्मं शेतकऱ्याचं, अशी वाटणी होत नाही. ते सगळं देवाचं असतं आणि सगळं शेतकऱ्याचंही असतं.

राजपुत्राची मोकळीक

१७८७ मध्ये तुळजाजीराजे मरणपंथाला लागले. स्वतःची मुलं गेलेली. भोसले घराण्यातल्या नऊ वर्षांच्या सरफोजीला त्यांनी दत्तक घेतलं आणि त्याचा हात श्वार्ट्झ यांच्या हाती द्यायला निघाले. राज्याचा कारभार तुम्हीच पाहा, असा आग्रह! श्वार्ट्झ यांनी नकार दिला. आपला तो पिंड नाही, तुमचे बंधू अमरसिंग यांच्याकडे मुलाला सोपवा, असा सल्ला त्यांनी दिला.

सल्ला चांगल्या मनाने दिलेला, पण परिणाम वाईट झाला. अमरसिंग स्वतःच राजे झाले. सरफोजी कोंडल्यासारखा राहू लागला, शिक्षणही थांबलं. देवाची मर्जी म्हणून श्वार्ट्झ यांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी कंपनी सरकारकडे पत्रांमागून पत्रं धाडली. १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या मद्रासला सुरक्षित जागी गेल्या. तिथे मुलाचं शिक्षण सुरू झालं. दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. ते पाहायला श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला ते वारले होते.

आता खरी गंमत. श्वार्ट्झ धर्मप्रचारक होते. समोरच्याने ख्रिस्ताला स्वीकारावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा. वडिलांच्या जागी मानणारा राजपुत्र शिष्य म्हणून मिळालेला. पण सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते जन्मभर शिवभक्त राहिले, मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रा करून आले. याच गुरूचे दुसरे शिष्य वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) निष्ठावंत ख्रिस्ती राहिले आणि तमिळ ख्रिस्ती कवितेत त्यांनी मोठं नाव मिळवलं. त्यांना राजाश्रय दिला तो सरफोजींनीच! एका गुरूचे दोन शिष्य, दोन वाटा. कृपा देवाची असली तरी होकार माणसाचाच हवा. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या होकाराला श्रद्धा म्हणत नाहीत, हे या तीन माणसांच्या नात्यात दिसतं.

सरफोजींच्या वाट्याला आलेलं राज्यही त्यांनी मागितलेलं नव्हतं. १७९९ च्या तहाने कंपनीने कारभार काढून घेतला, राजाच्या हाती उरला तो किल्ला आणि तनखा. हे त्यांचं दैव. पण त्या तनख्यातून त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीला आणलं, देवनागरी छापखाना काढला, वैद्यकाचे प्रयोग केले, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ही त्यांची निवड.

देवाची मर्जी की माणसाची चूक?

हा सगळा जुना इतिहास आज कशाला, असं कुणी विचारील. उत्तर कुंभकोणममध्येच आहे. १६ जुलै २००४ रोजी गावातल्या एका शाळेत मुलांच्या जेवणाच्या चुलीतून गवती छपराला आग लागली. ९४ मुलं गेली. अशा वेळी सांत्वनाला येणारे ‘देवाची इच्छा’ असंच म्हणतात. आई-वडिलांना दुसरं काय सांगणार? पण छप्पर गवताचं ठेवायचं, अरुंद जागेत एवढी मुलं कोंबायची, तपासणी कागदावर उरकायची, हे देवाने ठरवलं नव्हतं. चौकशी झाली, खटला चालला आणि २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने काही जणांना दोषी ठरवलं.

ख्रिस्ती विचारवंत इथे एक भेद करतात. देव जे इच्छितो ते एक आणि तो जे घडू देतो ते दुसरं. माणसाला खरी मोकळीक द्यायची, तर वाईट वागण्याचीही मोकळीक द्यावी लागते. मूल चालायला शिकताना त्याचं बोट सोडावं लागतं, हे प्रत्येक आईला कळतं. या भेदाने दुःख कमी होत नाही आणि एवढी मोकळीक देवाने दिलीच कशाला, हा प्रश्नही संपत नाही. प्रामाणिक धर्मपंडित तिथे थांबतात आणि हे गूढ आहे, असं कबूल करतात. पण एक गोष्ट मात्र या भेदाने पक्की होते. माणसाने केलेली चूक देवाच्या खात्यावर मांडता येत नाही.

उलट बाजूनेही हेच खरं. सगळं आपल्याच हाती आहे असं मानणारा माणूस अपयशाने मोडतो आणि यशाने फुगतो. हैदरच्या दरबारातून रिकाम्या हाती आलेला पाद्री मोडला नाही, कारण निकाल त्याचा नव्हता, काम तेवढं त्याचं होतं.

तंजावरच्या चर्चमध्ये सरफोजींनी आपल्या गुरूसाठी संगमरवरी स्मारक उभारलं. इंग्लंडचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून ते घडवून घेतलं. मरणशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, असं ते शिल्प आहे. आयुष्यभर देवाचा हात धरून चाललेल्या त्या पाद्र्याचा हात शेवटी एका वेगळ्या धर्माच्या माणसाने धरला. तो त्याने धरलाच पाहिजे, अशी सक्ती कुणाचीच नव्हती.